एका वाजवणाऱ्याला एकच तोंड

कुंभेरीत सॅक्सोफोनचा माउथपीस ज्या भांड्याच्या धातूतून ओतलेला असेल, त्या भांड्यावर ज्याचं नाव घातलेलं असतं त्याच्या आवाजात सॅक्सोफोन वाजतो. आवाज त्याचा आणि शब्दही त्याचेच, म्हणजे त्या भांड्याच्या आसपास तो माणूस जे काही बोलला असेल तेवढेच. फुंकणारा फक्त हवा पुरवतो. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून डोळे विस्फारतात, पण कुंभेरीत त्याचं कुणाला काही वाटत नाही.

धातूप्रमाणे फरक पडतो, तो पडायचाच. पितळेतून आवाज भरदार निघतो. तांब्यातून मऊ आणि किंचित घोगरा. काशाचा आवाज लांबत राहतो, आणि माणूस मुळातच पाल्हाळिक असला तर मग विचारूच नका. स्टीलचा आवाज कानात घुसतो. जर्मनच्या पातेल्यातून ओतलेला माउथपीस नाकात बोलतो, त्यामुळे कुंभेरीत गरिबाघरची मेलेली माणसं कायम सर्दी झालेली असतात. एकदा एका शहाण्यानं 'हा पेला हॉटेलातून चोरलेला आहे' असं कोरलेल्या पेल्याचा माउथपीस करून घेतला. ऐन अक्षतांच्या वेळी सॅक्सोफोन हॉटेलमालकाच्या आवाजात "बिल कोण देणार?" म्हणून खेकसला. मुलीच्या बापानं मुकाट्यानं बिल दिलं आणि लग्न पुढं चालू झालं.

या सगळ्याचा खरा उपयोग पाठवणीला. मुलगी सासरी निघाली की आईनं चार शब्द बोलायचे, ही रीत. आई हयात असेल तर ती स्वतः बोलते. नसेल तर तिच्या नावाचं भांडं ओताऱ्याकडं जातं, माउथपीस होऊन येतं, आणि सॅक्सोफोन आईच्या आवाजात मुलीला वेशीपर्यंत पोचवतो. ज्या मुलीला तेही मिळत नाही तिच्या पाठवणीला मुकी पाठवणी म्हणतात. सासरच्या बायका मग जन्मभर तिला ऐकवतात, हिच्या आईचं जगात काही मागं उरलं नव्हतं.

एक नियम मात्र कडक. एका वाजवणाऱ्याला एकच तोंड. नवा माउथपीस हवा तर जुना ओताऱ्याकडं जमा करायचा. ओतारी तो नगरपरिषदेला देतो आणि नगरपरिषद त्यातून कचऱ्याच्या गाड्यांच्या घंटा ओतून घेते. माणसाजवळ दोन तोंडं असली की काय होतं हे नगरसेवकांना पुरेपूर ठाऊक असल्यामुळे हा ठराव एकमतानं पास झाला होता.

हिंदुराव अवघडे हा 'न्यू मल्हार ब्रास बँड'चा सॅक्सोफोनवाला. साठीला टेकलेला, मिशा अजून काळ्याभोर, आणि त्या कशानं काळ्या हे सगळ्या गावाला माहीत. बाकीचे वाजवणारे जसं गिऱ्हाईक येईल तसे माउथपीस बदलायचे, आज कुणाची आजी, उद्या कुणाचा चुलता. हिंदुरावनं तीस वर्षांत एकदाही बदलला नाही. त्याच्या माउथपीसच्या धातूवर कुणाचंच नाव नव्हतं, आणि बिननावाच्या धातूतून वाजवणाऱ्याचा स्वतःचा आवाज येतो असं सगळे धरून चालतात. त्यातून शब्द कधी यायचा नाही. नुसती धून यायची, कुणी ओठ मिटून गुणगुणावं तशी, तांब्याची मऊ, घोगरी धून. लोक नवरदेवाला सोडून त्याच्याकडं बघत उभे राहायचे. नगरपरिषदेनं शाल-नारळ देऊन सत्कार केला तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, "स्वतःचा आवाज असलेला माणूस आपल्या गावात एकच आहे." तो फोटो हिंदुरावनं दारातून आत शिरताच दिसेल असा टांगला होता.

खोड म्हणाल तर एकच. तो माउथपीस घरात वाजायचा नाही. उंबऱ्याच्या आत, ओसरीवर, अगदी दारापुढच्या रस्त्यावरसुद्धा कितीही गाल फुगवा, हवा ती हवाच. गल्लीच्या कोपऱ्यावर सार्वजनिक नळ आहे, तिथं पोचलं की सूर लागायचा. म्हणून हिंदुराव रियाज नळाच्या कट्ट्यावर करायचा. धातूला असतात एकेक खोडी, असं म्हणून कुणी त्याच्या खोलात गेलं नाही.

त्याची बायको सुलोचना दोन वर्षांमागं तापानं गेली. कुणाला फारसा त्रास न देता गेली, जशी राहिली तशीच. सुलोचना हे नाव लग्नात हिंदुरावच्या आईनं ठेवलेलं, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलेलं. ते तांदूळ गोळा केल्यावर पुन्हा कुणी ते नाव फारसं घेतलं नाही. हिंदुराव तिला 'ए' म्हणायचा, आणि मुलगी झाल्यावर 'नंदाची आई'. बाई दिवसभर भांडी घासायची, पाणी भरायची आणि घरात फार बोलायची नाही. हिंदुराव पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा, "आमच्या घरात भांड्याला भांडं लागल्याचा आवाज येत न्हाई."

नंदाचं लग्न ठरलं. नंदा शिवणकाम करायची, कात्रीसारखी तिची जीभही चालायची. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी ती बापाला म्हणाली, "आबा, पाठवणीला आईचा आवाज पायजे मला."

"मी हाय की. माझ्या आवाजावर पाच तालुक्यातली माणसं जीव टाकत्यात."

"टाकू द्या त्यांना. मला आई पायजे. मुकी पाठवणी घेऊन मी त्या घरात जाणार न्हाई, आधीच सांगून ठेवते. लग्न मोडलं तरी बेहत्तर."

हिंदुरावला लागलं ते. पण आईवेगळ्या पोरीपुढं बोलणार काय? शेवटी तो तयार झाला, आणि तयार झाला तो साग्रसंगीत. पोरीसाठी मी माझा तीस वर्षांचा आवाज जमा करतोय, असं त्यानं चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये आणि सोसायटीच्या पायऱ्यांवर सांगितलं. लोक हळहळले. दोघातिघांनी तर त्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि हिंदुरावनं तो फिरवू दिला.

मग घरातला सगळ्यात मोठा पितळी हंडा उचलून तो यशवंत ओताऱ्याकडं गेला.

"नाव बघून आणलंयस ना?" ओताऱ्यानं विचारलं.

"घासून घासून झिजलंय. पण तिचंच असणार. तीस वरीस दुसऱ्या कुणी हात लावला न्हाई त्याला."

"घासणाऱ्याचा आवाज येत नसतोय हिंदुराव. ज्याचं नाव, त्याचा येतो."

"लेका, माझ्या घरातली भांडी मला शिकवतोस व्हय? वोत."

ओताऱ्याचं काय जातंय? त्यानं हिंदुरावचा जुना माउथपीस घेतला, जमा धातूच्या डब्यात टाकला आणि भट्टी पेटवली. डबा भरला होता. संध्याकाळी नगरपरिषदेचा माणूस येऊन तो घेऊन गेला.

नावाच्या भांड्याचा माउथपीस झाला की धातुध्वनी निरीक्षकासमोर मालकाच्या दारात वाजवून दाखवावा लागतो. निरीक्षक रणपिसे वेळेवर आले, खुर्ची पुसून बसले आणि म्हणाले, "अर्ज मयत पत्नीच्या आवाजासाठी आहे. सुरू करा."

हिंदुरावनं डोळे मिटून फुंकर घातली. पितळेतून भरदार आवाज निघाला. "ए सटवे! नळावर एवढा वेळ काय करतीस? पाणी आणाय गेलीस का माहेराला गेलीस? मी म्हातारी हितं तहानेनं मरतीय!"

शेजारच्या दोन बायका दारात आल्या आणि पटकन आत गेल्या.

"आवाज ओळखला का?" निरीक्षकांनी विचारलं.

"ओळखला की. आमची आई."

"ती हयात आहे?"

"न्हाई. जाऊन बारा वरसं झाली. एवढ्या वरसांनी आवाज ऐकला बघा." हिंदुरावचे डोळे भरून आले.

"भावना समजू शकतो. पण अर्ज पत्नीचा आहे, आईचा नाही. नामंजूर."

नंदा उठली. तिनं फळीवरून एक मोठं पितळी पातेलं काढून बापापुढं ठेवलं. हे आईआबांच्या लग्नातलं, एवढं तिला माहीत होतं. आजीचा माउथपीस रीतसर जमा झाला आणि दुसऱ्या प्रभागाच्या कचऱ्याच्या गाडीला घंटा होऊन लागला. त्या प्रभागात आता सगळ्या सुना गाडी यायच्या आधीच कचरा घेऊन बाहेर उभ्या असतात.

पातेल्याच्या माउथपीसमधून एक अनोळखी गृहस्थ बोलला. "पंगतीला जिलबी हाय का बुंदी? बुंदी असली तर मी आपलं घरीच जेवतो."

"हे कोण?" निरीक्षक.

हिंदुरावनं बराच वेळ आठवलं. "गुंडाप्पा मामा. आमच्या लग्नातला आहेर त्यांचा."

"बरोबर. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. त्यात देणारा बोलतो. हा नियम आहे, कारण पैसे त्याचे गेलेले असतात."

"घेणाऱ्यात आईचं नाव हाय का?" नंदानं विचारलं.

निरीक्षकांनी ओताऱ्यानं दिलेली नोंद पाहिली. "गुंडाप्पांकडून चि. हिंदुराव यांच्या विवाहप्रीत्यर्थ. एवढंच आहे."

"म्हंजे लग्न एकट्याचंच झालं म्हणायचं," नंदा म्हणाली.

त्यावर हिंदुराव हसला. पोरगी विनोद करतीय असं वाटलं त्याला.

पातेलंही जमा झालं. आता राहिलं स्टील. घरात स्टीलचं राज्य होतं. डबे, ताटल्या, वाट्या, तांबे, पिठाचं पिंप, सगळं हिंदुरावनं बँडच्या कमाईवर एकेक करत घेतलेलं. दुकानातच मशिनीनं नाव घालून घ्यायचा तो, चोरीला जाऊ नये म्हणून. बायकोनं रोज ज्यातून कणीक काढली तो डबा त्यानं ओताऱ्याला दिला. तिच्या हातचा डबा आहे, बोलेल काहीतरी, असं तो वाटेत स्वतःशीच पुटपुटत होता. आता त्याचा आवाज जरा खाली आला होता.

निरीक्षक तिसऱ्यांदा खुर्ची पुसून बसले. गल्लीतली माणसं जमली होती. हिंदुरावनं फुंकलं आणि स्टील सगळ्यांच्या कानात घुसलं.

"ए! च्या कुठाय? ए, ऐकू येत न्हाई व्हय? आळणी केलंय सगळं, लक्ष कुठं असतं तुझं? बंद कर ते गुणगुणणं, डोकं उठलंय. माणसं येणारेत, आतच बस, फुडं येऊ नको. ए!"

हिंदुरावनं फुंकायचं थांबवलं तरी शेवटचं 'ए' थोडा वेळ रेंगाळलं. 

"आवाज ओळखला का?" निरीक्षकांनी विचारलं.

हिंदुरावनं मान हलवली. "न्हाई. कोण कुणाला बोलतंय, काय कळलं न्हाई."

"आपलाच आहे, अवघडे."

"माझा? छ्या! माझा आवाज मऊ हाय. साऱ्या गावानं ऐकलाय. असा खेकसणारा न्हाई माझा आवाज."

"स्टीलमुळे थोडा कडक येतो, हे मान्य," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "पण शब्द धातूचे नसतात. ते वापरणाऱ्यानं स्वतः आणायचे असतात. अर्ज नामंजूर. आणखी भांडी असतील तर कळवा."

लोक पांगले. नंदा आत गेली आणि तिनं मांडणीवरची सगळी भांडी ओट्यावर काढली. एकेक उलटं करून, उजेडात धरून ती नाव वाचायला लागली. हिंदुराव रामचंद्र अवघडे. हिं. रा. अवघडे. अवघडे बँडवाले. आक्काबाई रामचंद्र अवघडे. गुंडाप्पा. हिं. रा. अवघडे. चहाच्या गाळणीच्या कडेलासुद्धा त्याचं नाव होतं. तिनं पोळपाटाखाली पाहिलं, तो लाकडाचा होता. तव्याला नाव नसतंच, लोखंडाला कोण नाव घालतंय? सगळं घर पालथं घालून झालं आणि ती भांड्यांच्या मधोमध फरशीवर बसली.

"आबा, या घरात आईचा एक चमचासुद्धा न्हाई."

"असं कसं? सगळं तिचंच तर होतं. किल्ल्यासुद्धा तिच्याकडंच असायच्या."

"मग नाव का न्हाई?"

"आता घरच्या माणसाचं नाव कोण घालतंय गं भांड्यावर? घरचंच की ते," हिंदुराव म्हणाला, आणि म्हणताना तो स्वतःच्या नावाच्या पिंपावर बसला होता.

नंदानं डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "आईचा माहेरचा गडू कुठाय? तांब्याचा. मामा सांगायचा, लहानपणी खिळ्यानं ठोकून ठोकून त्यावर तिचं नाव घातलं होतं म्हणून. लग्नात तोच तेवढा आणलेला तिनं. सुरवातीला नळावर पाण्याला जाताना घेऊन जायची म्हणं."

 गडू हिंदुरावला आठवला. लग्नाला वर्ष झालं होतं, तो बँडमध्ये नवा होता, आणि स्वतःचा माउथपीस नसल्यामुळे त्याला झांजा वाजवायला लागायच्या. घरात हाताशी तेवढंच तांबं होतं. पण तो गडू बिननावाचा होता. नव्हता का? तो उठला आणि पोरीला घेऊन ओताऱ्याकडं गेला.

ओताऱ्याला चांगलं आठवत होतं. "नाव होतं की! वाकड्यातिकड्या अक्षरात. तानू."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की! म्हणलं, ही तानू कोण? तू म्हणालास, या नावाचं आमच्या घरात कुणी न्हाई. मी म्हणलं, नीट आठव. तू म्हणालास, आमच्या हिचं नाव सुलोचना. मग मी आपलं बिननावी म्हणून नोंद केली. खोटं लिहिलं का मी?"

"खोटं न्हाई," हिंदुराव म्हणाला. "न्हवतंच त्या नावाचं कुणी. नाव बदललं होतं."

"तांब्याला कुणी सांगायचं बदललं म्हणून?" ओतारी म्हणाला.

नंदा भट्टीच्या कडेला उभी होती. ती बापाकडं बघत नव्हती. "मी लहान असताना आईसंगं नळावर जायची," ती म्हणाली. "हंडा भरेस्तोवर आई गुणगुणायची. मऊ, जरा घोगरं. मला वाटायचं, आई तुमची धून गुणगुणतीय. मी तिला इचारलंसुद्धा होतं, आबांचं गाणं म्हणतीस का? ती नुसती हसली. आणि गल्लीत वळलं की गप्प व्हायची. दारात तर तोंडसुद्धा उघडायची न्हाई."

 तीस वर्षं, पाच तालुके, शाल, नारळ, भिंतीवरचा फोटो. हिंदुरावला रडायला यायला हवं होतं. पण आधी त्याला राग आला, आपलं काहीतरी चोरीला गेल्यासारखा. त्या रागाची लाज त्याला पुढं फार दिवस पुरली.

"माउथपीस दे माझा," तो ओताऱ्याला म्हणाला. "तिचा. दे."

"तो कुठला आता? तूच जमा केलास. डबा कधीच गेला."

नगरपरिषदेत निरीक्षक रणपिसे यांनी रजिस्टर न उघडताच सांगितलं, तो डबा तुमच्याच प्रभागाच्या घंटागाडीला गेला. जुनी घंटा तडकली होती, त्या डब्यातून नवी ओतली. डब्यात आणखी काय होतं? नळाच्या तोट्या आणि पाइपांचे तुकडे, बिननावी सगळे. म्हणजे आवाजात भेसळ नाही, याची त्यांनी खात्री दिली.

"ती घंटा फोडून माउथपीस करून द्या साहेब," हिंदुरावनं हात जोडले.

"घंटा ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खासगी समारंभासाठी ती वितळवता येत नाही."

"मग आख्खी गाडीच द्या," नंदा म्हणाली.

निरीक्षकांनी विचार केला. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. गाडी लग्नाला देऊ नये असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. "गाडी तिच्या ठरलेल्या रस्त्यानं जाईल. तुम्हाला तिच्या मागून चालायला हरकत नाही. मात्र पत्रावळी आणि उरलेलं अन्न वेगवेगळं ठेवावं लागेल."

लग्न दारातल्या मांडवात लागलं. न्यू मल्हारवाले आले होते, पण हिंदुरावच्या हातात स्टीलच्या माउथपीसचा सॅक्सोफोन होता आणि त्याला कुणी वाजव म्हणालं नाही. जेवणं उरकली. पाठवणीची वेळ झाली तशी हिरव्या रंगाची घंटागाडी गल्लीत शिरली आणि मांडवापुढं उभी राहिली. व्याह्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कुंभेरीतली माणसं असल्यामुळे काही बोलले नाहीत.

ड्रायव्हरनं दोरी ओढली. घंटेचा लोलक हलला, पण आवाज आला नाही. त्यानं पुन्हा ओढली. काही नाही.

"मुकी पाठवणी," वरमाय शेजारणीच्या कानाशी म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"गाडी चालू द्या," नंदा म्हणाली. तिनं ओटीत घातलेले तांदूळ सावरले आणि ती गाडीमागं चालायला लागली. नवरा मागं, वऱ्हाड मागं. हिंदुरावही निघाला तशी ती वळली. "तुम्ही नगा येऊ आबा. तुम्ही हितंच थांबा, दारात."

"मला बी ऐकायचंय गं."

"तीस वरीस ऐकलंसा की."

तो थांबला. गाडी नळापाशी पोचली आणि घंटा वाजायला लागली, म्हणजे गुणगुणायला लागली. हिंदुरावला दारातून दिसलं ते एवढंच, की नंदाची पाठ एकदम हलली, वरमायेनं पदर तोंडाला लावला, आणि नळावर पाणी भरणाऱ्या बायका हंडे तसेच वाहते ठेवून उभ्या राहिल्या. ऐकू मात्र त्याला काही आलं नाही. दारात तो आवाज येतच नव्हता.

नंदा सासरी नीट नांदते. वरमायेनं तिला एकदाही काही ऐकवलेलं नाही. बँडनं हिंदुरावला दोन लग्नांत घेऊन पाहिलं. दोन्हीकडं सॅक्सोफोननं नवरीकडं चहा मागितला आणि तिला आत बसायला सांगितलं, तेव्हापासून तो पुन्हा झांजा वाजवतो. आता त्याच्याजवळ खरोखरच स्वतःचा आवाज आहे, तो त्यानं कपाटावर ठेवून दिलाय.

घंटागाडी रोज सकाळी येते. सगळ्या प्रभागातून धून ऐकू येते, लोक तेवढ्यासाठी दोनदा कचरा काढतात. अवघड्यांच्या गल्लीत वळली की ती गप्प होते. शेजाऱ्यांनी तक्रार केली, कचरा टाकायचा कळत नाही म्हणून. निरीक्षक रणपिसे येऊन तपासून गेले. घंटेत दोष नाही, जागेत आहे, असा निकाल त्यांनी दिला, आणि गल्लीतल्या लोकांनी कचरा नळापाशी आणून द्यावा असं ठरलं.

कचरा टाकायचं काम त्या घरात हिंदुरावनं जन्मात कधी केलं नव्हतं. आता तो सगळ्यांच्या आधी नळाच्या कट्ट्यावर येऊन बसतो. गाडी येते, गुणगुणत त्याच्यापुढं थांबते. तो उठून डबा पुढं करतो.

"काका, रिकामाच हाय की डबा," ड्रायव्हर म्हणतो. "रोज रिकामाच आणतायसा."

हिंदुराव त्याच्याकडं बघत नाही. तो घंटेकडं बघतो. तिला हाक मारावीशी वाटते त्याला, पण ते वाकड्या अक्षरातलं नाव त्यानं कधी तोंडात घेतलेलं नाही, आणि ते आता जिभेवर येत नाही.

"ए," तो म्हणतो, "थांब की जरा."

गाडीला पुढच्या गल्लीत वेळेवर पोचायचं असतं. ती निघून जाते.